खालचा उतार

— अहो सार्जंट, उठताय काय, बसा! एवढं ओझं घेऊन दारोदार फिरताय. जनरल कोल्डवेलसाहेबांच्या युद्धाच्या आठवणी, दोन खंड, नऊशे पानं — वा! लढाई चार वर्षांची, त्यातलं दीड वर्ष साहेब तंबूत सर्दीनं पडून. स्मरणशक्ती असावी तर अशी. आणि हा नमुना — पुठ्ठा सोनेरी, मधे चार प्रकरणं, मागे गिऱ्हाइकांच्या सह्यांना कोरी पानं. कोणी कोणी केल्यात बघू... पाद्रीबाबा, डॉक्टर... पहिली ओळ रिकामी का हो? माझ्यासाठी? कॅप्टन थॉर्नच्या विधवेनं सही केली की अख्खा तालुका करील, असं शिकवून पाठवलंय ना तुम्हाला? लाजू नका. ताक घ्या.

हे पान वाचलंत? मी वाचते. ‘कॅप्टन थॉर्न यांनी माझा हुकूम डावलून तुकडी नदीच्या खालच्या उतारानं खोल पाण्यात घातली. कॅप्टनसह एकेचाळीस जण बुडाले.’ डावलून! आमच्या कॅप्टननी कधी माझा हुकूम डावलला नाही, ते जनरलचा डावलणार? ‘खालच्या उतारानंच पार व्हा’ — साहेबांच्या हातची चिठ्ठी होती, खाली सही! पाण्यात शिरताना ह्यांनी कोट काठावर काढून ठेवला होता, त्याच्या खिशात. कोट घरी आला, चिठ्ठीही आली. — काय? दाखवू? आहे ना... म्हणजे, होती.

साहेब स्वतः आले होते, युद्ध संपलं त्या हिवाळ्यात. टोपी मांडीवर, आवाज कसा लोण्यासारखा. म्हणाले, बाई, तुमच्या गावच्या पोस्टमास्तरची जागा रिकामी आहे, वॉशिंग्टनमध्ये माझा शब्द चालतो. आणि ती चिठ्ठी माझ्याकडे असू दे, आठवण म्हणून. आठवण! एक मुलगी तीन वर्षांची, दुसरी पाळण्यात. दिली मी. नीट घडी घालून दिली. वीस वर्षं या गावाची पत्रं वाटतेय, ती काय माझ्या रूपावर?

पेपरात देऊ म्हणता? शहाणेच आहात! वॉशिंग्टनहून एक तार आली की उद्या पोस्टाच्या त्या खिडकीत दुसरंच कोणी बसेल. आणि पुरावा काय दाखवू, कोट? पण सही केली तर बुडालेल्यांची ती चाळीस घरं म्हणतील, बघा, त्याच्या बायकोलाच मान्य आहे... नाही केली तर विचारतील, का नाही केली?

आणा ती पेन्सिल. कापडी बांधणीच लिहा, चामड्याची नको. पहिलीच ओळ ना? — हं. झाली. असे बघताय काय? दार तिकडं आहे, सार्जंट.