साहेबाची तिलापिया

अरे, आमच्या तलावाचा घोळ मले अजून समजून नाही राहिला. चांदूर बाजारकडं आमचा भोई मामा तलावातल्या मरळ माशावर जगे. एक दिवस मच्छी खात्याच्या साहेबानं डबा भरून तिलापिया नावाची परदेशी मासोळी आणली. मामानं नारळ फोडून ती तलावात सोडली.

तीन वर्षांनी तोच साहेब आला. "हा मासा देशी मासे संपवतो. कोणी सोडला?"

मामा म्हणे, "तुमीच. नारळ मी फोडला."

"तेव्हा सोडायचा हुकूम होता. आता काढायचा आहे."

मामानं दिवसभर जाळं ओढलं. नुसती तिलापियाच निघाली. मामानं जाळं साहेबापुढं टाकलं. मंग म्हणे, "साहेब, आमची मरळ कोणत्या हापिसात मागाची?"