पांढऱ्या चिठ्ठीच्या ट्यूबा

या, जवळ सरकून बसा. भल्या मनाने घातलेल्या एका घोळाची गोष्ट ऐका. एमआयडीसीच्या रिक्षाच्या रांगेत मैत्रेयी उभी होती. भेगाळलेल्या हातांसाठी तिने करंजाचं जेल बनवलं होतं. कारखान्यातल्या बायकांवर घेतलेल्या चाचणीत निळ्या चिठ्ठीच्या ट्यूबांत करंज होता, पांढऱ्यांत नुसतंच जेल. आणि हात सगळ्यांचे सारखेच बरे झाले. आज साहेब ते काम बंद करणार होते. पुढे पॅकिंगमधल्या दोघी बोलत होत्या.

“चांगुणाबाई, हात लोण्यासारखे झाले की तुमचे.”

“त्या ट्यूबनं नाय गं माया. पाणीच आहे ते. भांडी झाली की करंजाचं तेल चोळते, सासूचं औषध.”

“दुसरं काय लावणार नाय, अशी सही दिलीय ना आपण?”

“दिली. पण ती मॅडम पोर किती खपते. तिचं औषध खोटं पडलं तर बिचारीनं काय करायचं? म्हणून पॅकिंगच्या लाइनीत सगळ्यांना तेलाची बाटली भरून दिली.”

“मला नाय दिली ती?”

“तुझे बरे होत होते गं. ज्यांना गुण नव्हता, त्यांनाच दिली.”

“पुण्य लागेल तुम्हाला.”

मैत्रेयीने मागून हळूच विचारलं, “मावशी, तुमच्या ट्यूबवर चिठ्ठी कुठली?”

चांगुणाबाई वळल्या, दचकल्या, आणि दोन्ही हात पुढे करून हसल्या.

“पांढरी, मॅडम. बघा, तुमच्या औषधानं कसे झालेत. साहेबांना दाखवायला येऊ का?”

मायबाप, भेगांना काही लावाल तेव्हा चांगुणाबाईंची आठवण ठेवा. चाचणीच्या अहवालात त्यांचं नाव नाही.