रुंद टायर

गाडीले अलॉय व्हील लावून राहिला असशीन, तर आधी माझं ऐक गा. माझ्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी मी पांढुर्ण्यात नवे व्हील बसवले. टायरवाला म्हणे, "रिम मोठी घेतली तर टायरची बाजूची भिंत कमी उंचीची घ्या, मंजे चाकाची उंची पयलेसारखीच राहीन. पण रुंदी नका वाढवू. गाडीत माणसं बसली का गाडी दबन अन् टायर आत मडगार्डले घासन."

मले तर रुंदच पाहिजे होते. एकटाच चक्कर मारून आलो, कुठंच घासलं नाही.

लग्न लागलं सौंसरले. नवरीले घेऊन निघालो. गाडी माझा मित्र चालवे, त्याच्या बाजूले नवरीचा भाऊ, मागे मी, नवरी अन् तिची मावशी. पयल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र! जळक्या रबराचा वास सुटला. मंग दर गतिरोधकाले मी सीटवरून अर्धा उठे.

नवरी पयल्यांदाच बोलली, "असे काहून करून राहिले तुमी?"

"टायर घासून राहिला. फुटला तं?"

"मंग एक जण उतरा न."

मावशीले कसं उतरवता? भाऊ तर पाहुणा. सारे माह्याकडंच पाहून राहिले. उतरलो, अन् मागच्या टेम्पोत बँडवाल्याइच्या मधात, ढोल मांडीवर घेऊन बसलो.

घरी पोचलो तवा दारात माय आरती घेऊन नवरीले इचारून राहिली होती, "नवरदेव कुठी हाय?"

नवरी मान खाली घालून म्हणे, "टायर लय रुंद घेतले न त्याईनं, त्याईलेच जागा नाही उरली."