मेलमधला बिघाड

भेस्तानच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक वयस्क दुकानदार आणि मोबाईलमध्ये डोकं घातलेली त्यांची पुतणी बसली होती.

"वेबसाइट तर उघडते ना धनश्री? मग मेल का येत नाहीत?"

"काका, तुम्ही होस्टिंगची कंपनी बदलली. साइट नव्या कंपनीकडे आली, पण मेल अजून जुन्या कंपनीकडेच जात होते. दिवाळीपासूनचं सगळं तिकडेच पडलंय. आता सेटिंग बदललंय मी, यापुढे इकडे येतील."

"मी तुझ्या काकूला तेच सांगत होतो. आमच्या गोपालने लिहिलं असणार, बिघाडामुळे आपल्याला दिसत नाही. पोरगा फोन उचलत नाही, पण दुकानाचा हा मेल त्यानेच तर काढून दिला होता."

"थांबा, जुनं खातं उघडतेय."

"उघड, उघड."

"लेसच्या ऑर्डरी आहेत. बारडोलीच्या शेठचे बरेच मेल आहेत, चिडलेत ते."

"त्यांना मी बघून घेईन. गोपालचं बघ."

"नाव टाकून शोधलं, काका."

"ते दुसरं असतं ना, फालतू मेल जातात ते?"

"स्पॅम. तिथंही बघितलं."

"बरं."

"कंपनी बदलताना एखादा मेल मधेच हरवतोसुद्धा, काका."

"हरवतो?"

"कधी कधी."

"हं. चल, आपला स्टॉप आला. आणि हे बघ, काकूने विचारलं तर सांग, बिघाड अजून आहे."