ह्यांची उताराची सायकल

...न्हाई, मला एक सांगा, चढायला सायकल लागती हे मी समजू शकते, पण उतरायला? निस्ता डोंगर उतरायला पंचवीस हजाराची सायकल? तुमाला सांगते, दिवाळीपासून आमच्या घरात दुसरा विषयच न्हाई! माझे सासरे, सटवाजीमामा, शिरड शहापूरचं जुनं हाड, त्यांनी पहिल्याच दिवशी बाजंवर बसल्या बसल्या निकाल लावला होता... "उताराला काय लागतं? दगडबी येतोय की खाली!" झालं! तिथंच विषय संपायला पाहिजे होता. पण आमचे हे... ह्यांना मोबाईलनं नासवलं.

हे म्हंजे कुलदीपराव. वय छत्तीस. हिंगोलीत एका कृषी केंद्राच्या काउंटरवर दिवसभर फवारणीची औषधं विकतेत, जिना चढले की धापा टाकतेत, अन् घरी आले की बघतेत काय, तर कुठली परदेशातली पोरं डोंगराच्या शेंड्यावरून सायकल सोडून देऊन राहिलीत! बघता बघता हे उशी घट्ट धरून बसतेत, वळण आलं की ताटासगट कलतेत, एकदा वरण सांडलं माझ्या धुतल्या चादरीवर. "मी बिगिनर हाय," म्हणतेत. छाती काढून! जशी काय डिग्रीच घेतली! अवो, बिगिनर म्हंजे ज्याला काहीच येत न्हाई तो! त्याच्यात लोकांना सांगण्यासारखं काय हाय?

बरं, उताराची खरी सायकल केवढ्याला, ठावूक हाय? दोन लाख! दोन लाखात म्हशी येतेत वो, रेडकासगट! ह्यांच्याजवळ पंचवीस हजार. मग सुरू झाला अभ्यास. बारावीला एवढा केला असता तर आज कलेक्टर असते.

आधी गेलो दुकानात. दुकानदार सीट दाबून दाखवतोय, "भैया, डबल शॉकप! आगे भी, पीछे भी! गादी है गादी!" अन् हे त्याच्यावर बसून वर-खाली, वर-खाली, चेहऱ्यावर असा आनंद की लग्नातबी मी बघितला न्हाई. घेणारच होते, तेवढ्यात पुण्याहून माझ्या भावाचा, विश्वजीतचा फोन. "दाजी, अजिबात घेऊ नका! स्वस्तातला डबल शॉकप म्हंजे पलंगाची स्प्रिंग. पुढचा एकच घ्या, पण चांगला घ्या, अन् राहिलेले पैसे ब्रेकला, टायरला अन् हेल्मेटला लावा." हा विश्वजीत! ह्याला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर लागती, अन् हा सांगणार डोंगराचं! पण ह्यांना ते ब्रह्मवाक्य. गेले नांदेडला, अन् अठरा हजाराला जुनी सायकल घेऊन आले. कुण्या कॉलेजच्या पोराची. "एकदाच पडला अन् पुन्हा बसलाच न्हाई, त्याच्यामुळं नवीकोरी राहिली," हे मला कौतुकानं सांगून राहिले! मी म्हणलं, त्या पोराला अक्कल आली, तुमाला कधी येती?

मामा काय म्हणले? "उताराला काय लागतं? दगडबी येतोय की!"

राहिले सात हजार. आता सायकलीला माणूस काय बसवतं? कॅरेज, स्टँड, घंटी. ह्यांनी होतं ते काढलं! स्टँड काढलं, मडगार्ड काढलं, घंटी काढली. "वजन कमी करायचं," म्हणतेत. अवो, मग स्वतःचं करा ना, ते तर फुकटात हाय! जाडजूड टायर बसवले. खिळ्याखिळ्याचे पायडल बसवले, ते दोनदा माझ्या नडगीला लागले. सीट एवढी खाली केली की गुडघे कानाला. अन् सगळ्यात जास्त पैसे कशावर, तर ब्रेकवर! चाकाच्या मधी ती चकचकीत चकती असती न्हाई का, तिला चिमटा बसतो, तसले तेलाच्या नळीचे ब्रेक. हेल्मेटला पैसे उरलेच न्हाईत, ते स्कूटीचंच, माझं, गुलाबी. अन् रोज सकाळी मला बजावणी, "शिवकन्या, चकतीला बोट लावायचं न्हाई. तेल नळीतच पाहिजे, चकतीला एक थेंब लागला तर ब्रेक गेला समज. मग वरून थेट वर!"

शंभरदा सांगितलं असंल मला. मला! जशी मी तिच्यावर भजेच तळणार होते.

मग ठरली स्पर्धा. औंढ्याच्या बाजूच्या एका डोंगरावर, नवशिक्यांची. तवा मीबी कबूल करून घेतलं. पहिल्या तिघात आले न्हाई, तर सायकल विकायची अन् मला घरघंटी आणायची. दळणाला लाईन लावून लावून माझे पाय गेलेत वो! "मंजूर," म्हणले. मला तर घरघंटीचा आवाजच ऐकू यायला लागला. ह्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास होता, हे पहिल्या वीसात येणार न्हाईत. वीसच जण होते.

स्पर्धेच्या सकाळी आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, पूजेचं ताट घेऊन अंगणात. नवी गाडी पूजेबिगर कशी जाईल? वाटीत कुरुंद्याची हळद, कुंकू, त्याच्यात तेल कालवलेलं. आता स्वस्तिक काढायचं कुठं? टाकी न्हाई, मडगार्ड तर ह्या शहाण्यानं काढून ठेवलेलं. आत्याबाईनं सायकलीला एक चक्कर मारली, दुसरी मारली, अन् त्यांना चकती दिसली. गोल, चकचकीत, देव्हाऱ्यातल्या ताम्हनासारखी. "हे बराबर हाय," म्हणल्या, अन् लावलं! तेल-कुंकू! पुढच्या चकतीला, मागच्या चकतीला, दोन्ही बाजूंनी, मायेनं, बोटं फिरवून फिरवून!

अन् हे? हात जोडून उभे. डोळे उघडले, बघितलं, घाम फुटला. मी हळूच म्हणलं, "अवो, चकती..." तर मलाच, "गप. आईचं मन मोडंल." पुसायला फडकं घेतलं, तर आत्याबाई कडाडल्या, "पूजेचं कुंकू पुसतेत व्हय रे? घरी येईपर्यंत हात लावायचा न्हाई!" ठेवलं की फडकं खाली! मला शंभरदा बजावणारा माणूस, आईसमोर मांजर. छत्तीस वर्षांचा घोडा, अन् जीव जाईल, पण तोंड उघडणार न्हाई!

खरं सांगू? मीबी मग गप बसले. म्हणलं, वर जातील, उतार बघतील, अन् हातात सायकल धरून चालत येतील खाली. घरघंटी आलीच समजा.

आमी सगळे खाली मांडवात बसलेलो, अन् वरून घड्याळ लावून एकेकाला सोडून राहिले. पोरं ब्रेक दाबत दाबत, वळणं घेत बराबर खाली. नववा नंबर ह्यांचा. गुलाबी हेल्मेट दिसलं वरती... अन् दिसलं तेवढ्यात निम्म्यात! पहिलं वळण, ब्रेक दाबला असंल, तर ब्रेकचा निस्ता कोकलण्याचा आवाज अन् सायकल आणखी जोरात! "सरकाऽऽ! सरकाऽऽ!" लोकं टाळ्या वाजवतेत, त्यांना वाटलं जोश हाय! तुमाला सांगते, घरघंटी गेली खड्ड्यात, मी ओरडले, "अवो, पाय टेका!" अन् मामा शेजारी बसून, "उताराला काय..." मी म्हणलं, मामा, तोंड बंद! सासऱ्याला! जन्मात पहिल्यांदा!

आले ते रेषा ओलांडून, मांडवाची दोरी तोडून, थेट सोयाबीनच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात. निस्ते पाय वर. मी धावले, रडतच धावले, कुटार उपसलं, तर आतून विचारतेत काय, "टाईम किती?"

सगळे वीस उतरल्यावर निकाल लागला, पहिला नंबर! नऊ सेकंदांनी!

माईकवाल्यानं विचारलं, गुपित काय? तर कानातलं कुटार झाडत म्हणले, "ब्रेक कमी वापरायचा." निर्लज्जपणा बघा! अन् आत्याबाई डोळे पुसून सगळ्यांना सांगून राहिल्या, "कुंकवाचा गुण हाय." टेम्पोत हे हळूच मला म्हणले, "तुला ठावूक होतं, मग अडवलं काहून न्हाई?" मी म्हणलं, "तुमी आईला काहून न्हाई बोललात?"

बक्षीस काय मिळालं? पुढच्या स्पर्धेची फुकट एंट्री. डोंगर दुप्पट. ती उद्या पहाटेच हाय, म्हणून पूजा आजच.

आज म्हणलं, बास! ह्यांच्यात दम न्हाई ना, मी सांगते आत्याबाईला, चारचौघात सांगते, मी काय भीत न्हाई कुणाला. गेले तरातरा अंगणात. तर आत्याबाईनं तेल-कुंकवाची वाटी माझ्या हातात ठेवली. म्हणल्या, "ह्या बारीला तू लाव गं शिवकन्या. तुझं कुंकू हाय, तूच लाव." हे बाजूला हात जोडून उभे, माझ्याकडं बघून राहिले, मी त्यांच्याकडं...

लावलं की वो. दोन्ही बाजूंनी.