झोपून पाहिलेलं घर

धाकटी: ताई, घर बघायला आलोय आपण. लोक भिंती वाजवून बघतात, नळ सोडून बघतात. अंथरूण घालून घर बघणारी तूच पहिली.

ताई: नळ सोडून झाला. पाणी चांगलं येतंय. आता मला इथे झोप येते का, तेवढंच बघायचं राहिलंय. काका, एखादी सतरंजी मिळेल का? उशी नको, पर्स घेते डोक्याखाली.

शिंपी: सतरंजी काय, गादीच देतो की सिस्टर. पण या बाहेरच्या खोलीत नका झोपू. अगदी रस्त्यावर आहे ही. आतल्या खोलीत जरा तरी कमी ऐकू येतं.

ताई: कमी ऐकू येतं तिथे झोपून मला काय कळणार? इथेच झोपते, खिडकीखाली, तुमच्या मशीनला लागून.

धाकटी: अगं, रात्रभर वॉर्डात उभी होतीस. घरी चल, जेव, नीट झोप. पुन्हा येऊ रविवारी.

ताई: रविवारी ताजीतवानी होऊन आले तर ते बघणं खोटं. रात्रपाळी करून आलेय, अकरा वाजलेत, ही माझी रोजची झोपायची वेळ. रोज असते तशीच आहे मी आत्ता.

धाकटी: आणि जाग आली तर?

ताई: तर घर नको. काका, तोंडावर सांगते, राग मानू नका. एक वाजेपर्यंत झोपते. मध्ये एकदा जरी जाग आली तरी हा विषय संपला. मग मागच्या गल्लीतलं ते घर घेईन, हिला आवडलेलं.

धाकटी: शब्द?

ताई: शब्द. पण तू स्वयंपाकघरात बसून मुद्दाम भांडी पाडायची नाहीस. तुला ओळखून आहे मी चिमे.

शिंपी: खिडकी लावून घेऊ का?

ताई: राहू दे उघडी. तुम्ही शिवायला बसता तेव्हा असते तशीच.

(ताई बाहेरच्या खोलीत आडवी होते. धाकटी आणि शिंपीकाका स्वयंपाकघरात येऊन बसतात.)

शिंपी: चहा टाकतो थोडा. झोपल्यासुद्धा बघा त्या.

धाकटी: तिला पाठ टेकायचा अवकाश असतो. काका, खरं सांगू का? तिला जाग यावी म्हणून मी इथे देव पाण्यात घालून बसलेय.

शिंपी: ते मघाशीच कळलं मला. ओल बघायची म्हणून भिंतीवर थापट्या मारत होता ना तुम्ही, तेव्हाच. भिंतीवर कुणी इतकं रागावत नाही.

धाकटी: तुमच्या घराला नावं नाही ठेवत हो मी. घर चांगलं आहे. उजेड तर किती आहे. पण खाली हा रस्ता. आल्यापासून मी ओरडूनच बोलतेय, घसा बसला माझा.

शिंपी: चढ आहे ना तो. नेमके आपल्या खिडकीखाली ट्रकवाले गिअर बदलतात. पुढे गतिरोधक. सकाळी शाळेच्या बस, मग ऑफिसवाले, दुपारी जरा उसंत, की एक टेम्पो येतो रिकामी पिंपं घेऊन. तो गतिरोधकावरून उडाला की नवा माणूस दचकतोच. आणि धूळ आहे. सकाळी पुसलेली खिडकी दुपारी परत पुसायची. पांढरं कापड मी त्या खिडकीशी कधी शिवत नाही. पांढरं आलं की मशीन ओढत आतल्या खोलीत नेतो.

धाकटी: असं सगळं सांगत बसलात तर घर कसं विकलं जायचं तुमचं?

शिंपी: एकतीस वर्षं मापं घेतली मी या घरात. माप चुकीचं घेतलं की कपडा आठ दिवसांत परत येतो. उसवता येतो, परत शिवता येतो. घर कसं उसवणार? म्हणून आधीच सांगून टाकतो. दोन गिऱ्हाइकं अशीच गेली माझी.

धाकटी: लेकीकडे जाणार म्हणालात ना तुम्ही?

शिंपी: हो. डोळे दमले आता. सुईत दोरा ओवायला तीन खेपा लागतात. ती म्हणते, या इकडे, एकटे नका राहू. तिच्याकडे इतकं सामसूम आहे म्हणता, मागच्या खेपेला मला दोन रात्री झोप नाही लागली. रस्ता नाही ना तिकडे. पण तुमच्या ताईंचं मला कळत नाही. दिवसा झोपणाऱ्या माणसाला तर शांत जागा हवी. याच रस्त्याच्या मागे का लागल्यात त्या?

धाकटी: शांत जागेतच राहते ती. माझ्याकडे. तेच तर झालंय.

शिंपी: म्हणजे?

धाकटी: आमची आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची आणि ताई नुकती नोकरीला लागलेली. तिनेच मला वाढवलं. रात्रपाळी करून यायची, माझ्या वेण्या घालायची, डबा भरायची, मला शाळेत सोडून मगच पडायची. माझं लग्न झालं, मुलं झाली, तेव्हा मी तिला म्हटलं, आता तू माझ्याकडे यायचं. मधली खोली दिली तिला. ती झोपली की घरात आवाज करायचा नाही, हा माझा नियम. टीव्ही मुका. कुकर चार वाजल्यानंतर. माझा नवरा जेवायला घरी आला तर चपला हातात घेऊन चोरासारखा आत येतो. मुलं दोघं पंज्यांवर चालतात.

शिंपी: गुणी आहेत म्हणायची.

धाकटी: गुणी आहेतच. पण मागच्या महिन्यात लहान्याच्या बाईंनी मला शाळेत बोलावून विचारलं, याला बोलायला काही त्रास आहे का हो, फार हळू बोलतो. वर्गात कुणाला ऐकूच जात नाही म्हणे. मी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले. ताई नाही हसली. दुसऱ्या दिवसापासून घरं बघायला लागली.

शिंपी: असं होय.

धाकटी: मी खूप भांडले. म्हटलं, काय जातं आमचं? आम्हाला सवय आहे. तर म्हणते, सवय आहे हेच वाईट. मला अशी जागा हवी, जिथे माझ्यासाठी कुणाला गप्प बसावं लागणार नाही. मी म्हटलं, मग निदान मागच्या गल्लीत घे. तर म्हणाली, तिथेही शेजाऱ्यांना कळलं की ते आपल्या पोरांना दटावणार, हळू रे, सिस्टर झोपल्यात. रस्त्याला कोण दटावणार?

शिंपी: एकतीस वर्षं मी या रस्त्याला शिव्या घातल्या. हा गुण त्याचा मला कधी दिसला नाही. कप उचला जरा. टेम्पो आला.

धाकटी: अगं आई गं. हा कसला आवाज. सांडला बघा चहा. उठली का ती?

शिंपी: बघतो वाकून. नाही. कूससुद्धा बदलली नाही.

धाकटी: थांबा, हा भोंगा ऐका. ॲम्ब्युलन्स येतेय. आता मात्र उठणार. याला ती हटकून उठेल.

शिंपी: गेली चढावरून. झोपल्यात. ओढणी तोंडावर घेऊन छान घोरतायत.

धाकटी: घोरतेय? मग काही खरं नाही माझं.

शिंपी: धन्य आहे त्यांची. या घरात इतकी गाढ झोप मलासुद्धा कधी लागली नाही.

धाकटी: तिची झोप आहेच तशी. मी बारा वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. आमच्या दारात तेव्हा रस्ता फोडत होते, दिवसभर नुसतं धडधड धडधड. ही माझ्या उशाशी बसल्या बसल्या गाढ झोपलेली. मला तहान लागली. तिला उठवायचं नव्हतं, म्हणून मी नुसते ओठ ओले केले जिभेने. तेवढ्यावर ती उठली आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. त्या दिवसापासून मला तिच्यासारखं दुसरं माणूस दिसलेलं नाही काका. आणि आता ही म्हणते, मी चालले.

शिंपी: जाणार कुठे, चार स्टॉपवर तर. एवढं काय त्यात.

धाकटी: चार स्टॉप म्हणजे चार स्टॉप. सकाळी दार उघडलं की समोर तीच असायची. काका? काय झालं? टॉवेल का धरलात तोंडावर?

शिंपी: काही नाही. ठसका लागला चहाचा.

धाकटी: पाणी प्या. मघाशी मोरीत गेलात, नळ मोठा सोडलात, तेव्हाही खोकतच होता ना? मला वाटलं, भांडं विसळताय.

शिंपी: हळू बोला हो. आणखी पंधरा-वीस मिनिटं राहिलीत एकला. त्या माझ्यामुळे उठल्या तर गेलं घर. लेक तिकडे माझी खोली लावून बसलीय.

धाकटी: तुम्ही खोकला दाबून बसलाय? मघापासून? अहो, डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या.

ताई: काका.

धाकटी: ताई. उठलीस तू.

ताई: खोकला किती दिवसांचा आहे?

धाकटी: बारा चाळीस झालेत. शब्द दिला होतास.

ताई: तू थांब गं जरा. काका, किती दिवसांचा?

शिंपी: ठसका होता हो सिस्टर. झोपा तुम्ही, काही नाही.

ताई: ठसका एकदा लागतो. मी तीनदा ऐकला. एकदा नळाच्या आवाजाखाली, दोनदा टॉवेलात.

धाकटी: घोरत होतीस तू.

ताई: घोरत असेन. काका, मला लपवून काय मिळणार आहे तुम्हाला?

शिंपी: दोन महिने झाले असतील. कापडाचे तंतू जातात नाकातोंडात. शिंप्याला खोकला असतोच की.

ताई: संध्याकाळी अंग गरम लागतं?

शिंपी: कोमट लागतं. कधीकधी.

ताई: वजन कमी झालंय?

शिंपी: वजन कुठे करतोय मी.

ताई: अंदाजे सांगा.

शिंपी: विजार आत घेतली कमरेत. आधी एक इंच घेतली. गेल्या आठवड्यात परत एक घेतली.

धाकटी: दोन इंच? लेकीला सांगितलंत का?

शिंपी: तिला सांगितलं तर सगळं टाकून धावत येईल ती. आणि घर बघायला आलेल्या माणसाला कुणी खोकला ऐकवतं का? धुळीचं सांगितलं मी, ट्रकचं सांगितलं. हे नाही सांगवलं. म्हणाल, हे घर माणूस खातं.

धाकटी: मी तेच म्हणणार आहे. ताई, बघ. एकतीस वर्षं त्या खिडकीत बसून काय झालं बघ त्यांचं. उद्या तुला असं काही झालं तर मी काय करू? मला कोण आहे दुसरं?

ताई: चिमे, इकडे बघ. काकांना काय झालंय ते तुला ठाऊक नाही. मलाही नाही. तपासल्याशिवाय रस्त्याला बोल लावायचा नाही. धूळ आहे, ती मी आल्या आल्या बोट फिरवून बघितली. आतल्या खोलीत फरशीवर मशीन ओढल्याचे ओरखडे आहेत, तेही बघितले. काका काम आत नेतात, तसं मी अंथरूण आत नेईन आणि ही खिडकी लावून घेईन. झालं?

धाकटी: नाही झालं.

ताई: नाही तर नाही. काका, उद्या सकाळी साडेसातला दवाखान्यात यायचं. मी आठला सुटते, त्याआधी छातीचा फोटो काढून घेऊ. मी दारातच उभी असेन. आणि लेकीला आज संध्याकाळी फोन करायचा. तुम्ही नाही केलात तर मी करीन.

शिंपी: येतो सिस्टर. मला ना, रोज वाटायचं जावं. पण तिथे जाऊन कुणाला विचारायचं, तेच कळायचं नाही. आता तुम्ही आहात म्हणजे बरं आहे. घराचं असू दे. तुम्ही शब्द दिला होता, त्यात माझी काही तक्रार नाही. आणखी येईल कुणी.

ताई: थांबा. चिमे, तुझ्या तोंडून सांग. टेम्पो गेला का?

धाकटी: गेला. माझा चहा सांडला.

ताई: आणि?

धाकटी: ॲम्ब्युलन्स गेली. भोंगा वाजवत.

ताई: मला रस्त्याने उठवलं का?

धाकटी: मला वकिली नकोय तुझी.

ताई: उठवलं का?

धाकटी: नाही उठवलं.

ताई: रविवारी मुलांना घेऊन ये. लहान्याला सांग, मावशीकडे ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही. त्या खिडकीत उभं करते मी त्याला. बघू त्याचा आवाज मोठा की ट्रकचा.

धाकटी: रडवू नकोस गं मला. बरं. रविवारी आणते.

ताई: मग आता माझी वीस मिनिटं राहिलीत, तेवढी झोपू दे. रात्री परत ड्युटी आहे. काका, तुम्ही चपला घालून कुठे निघालात?

शिंपी: खाली जाऊन बसतो घटकाभर. परत खोकला आला तर तुमची झोप मोडायची.

ताई: बसा इथे. तोंडाशी रुमाल धरा, तो धरायचाच. पण आवाज दाबू नका. माझ्या घरात कुणी गप्प बसायचं नाही.