मागच्या काचेवरचं स्टिकर

चिऊच्या हातून डब्याचं झाकण टण्णकन फरशीवर पडलं आणि तुमसरच्या स्टॅम्पवाल्याची गपगार ओसरी दचकली. तिची आई रुचिता झाकण उचलायला वाकली, तोच शेजारच्या बाकावरचं बोलणं सुरू झालं. चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले परसराम गाडी विकत होते. मोबाईलवर फोटो पाहून बंटी ती घ्यायला आला होता.

“काका, गाडी फोटोपेक्षा झकास हाये.”

“मंग कर सही, बेटा. उद्या क्वार्टर सोडाचा हाये. नव्या घराच्या गल्लीत गाडी शिरतच नाई.”

“करतो ना. फक्त मागच्या काचेवरचं ‘जय भीम’ काढून देजा.”

“काहून?”

“घरी गाडीची पूजा कराची हाये. आई नाई मानत.”

“तुही आई पूजा बोनेटची करते का काचेची?”

“तुमी तं रागावले, काका! नखानं खरडलं तरी निंगते थे.”

“माह्या पोरीले नोकरी लागली, त्या दिवशी तिनं चिकटवलं. नाई निंगत.”

“मंग आज दुसरं गिऱ्हाईक कुठून आणसान?”

“नाई आणत. गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन गाडी, उन्हापावसात.”

परसरामांनी सहीविना राहिलेला स्टॅम्पपेपर घडी करून खिशात घातला आणि किल्ली उचलली.

“चाल, बस गाडीत. स्टँडवर सोडून देतो तुले.”

बंटी क्षणभर घुटमळला, मग खाली मान घालून त्यांच्या मागं गेला.

“आई,” चिऊनं विचारलं, “स्टिकरनं पूजा खराब होते का?”